रजईचा कच्चा टाका : कोणती पद्धत कोणाला परवडते?

दिवाळी जवळ आली की उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या पट्ट्यात रजईची विचारपूस सुरू होते. कल्याणहून कर्जतकडे गाडी जसजशी सरकते तसतशी थंडी वाढत जाते. मुंबईत पंखा चालू असतो तेव्हा बदलापुरात पांघरूण लागते. याच पट्ट्यात कापडाचा मोठा बाजार आहे, तयार कपड्यांच्या आणि जीन्सच्या कारखान्यांतून निघणारी चिंधी आहे आणि शिवणाचे काम घरी आणून करणाऱ्या भगिनीही पुष्कळ आहेत. आपल्या समाजातील पिंजारी, मन्सूरी आणि नदाफ घराण्यांनी तर पिढ्यान् पिढ्या कापूस पिंजून गाद्या व रजया भरल्या आहेत. म्हणून या खेपेस आम्ही रजईच्या धंद्यातील एका अशा कामाविषयी लिहीत आहोत, ज्याची चौकशी गिऱ्हाईक कधी करत नाही, परंतु ज्याच्यामुळे पूर्ण लॉट परत येऊ शकतो. ते काम म्हणजे कच्चा टाका.

रजईला तीन थर असतात. वरचे कापड, मधली भर आणि खालचे अस्तर. पक्की शिलाई घालण्यापूर्वी हे तिन्ही थर एकमेकांना तात्पुरते धरून ठेवावे लागतात. याला कोणी टाचणे म्हणतो, कोणी कच्चा धावदोरा म्हणतो. हिंदी-उर्दूत याला ‘लंगर’ असा शब्द आहे. लंगर म्हणजे जहाजाचा नांगर. जहाज जागचे हलू नये म्हणून नांगर टाकतात, तसे थर हलू नयेत म्हणून हा टाका. काम झाले की तो काढून टाकायचा असतो आणि नेमके त्यामुळेच त्याच्याकडे दुर्लक्ष होते.

आमची स्वतःची ठेच

हा विषय आम्ही पुस्तकी म्हणून घेतलेला नाही. काही वर्षांपूर्वी पावसाळ्याच्या शेवटी आम्ही २५ रजयांची ऑर्डर घेतली होती. फिकट रंगाचे सुती कापड, आत सुती भर. वेळ वाचावा म्हणून सुईदोऱ्याऐवजी सेफ्टीपिना वापरल्या आणि त्याही सर्वांत स्वस्त पाहून घेतल्या. रजया टाचून झाल्या आणि शिलाई मशीन बिघडले. माल नऊ दिवस तसाच घडी घालून पडून राहिला. मशीन दुरुस्त होऊन शिलाई झाली, पिना काढल्या, तेव्हा प्रत्येक पिनेच्या जागी तांबूस डाग दिसला. हवेतील ओलाव्याने पिना गंजल्या होत्या. धुऊन पाहिले, लिंबू लावून पाहिले, काही डाग फिके झाले, बाकीचे राहिले.

ज्या व्यापाऱ्याने ऑर्डर दिली होती त्याने माल घेतला नाही आणि त्याचे काही चुकले नाही. कापडाचे पैसे आमचे, भर आमची, मजुरी आम्ही दिलेली. ज्या पिनांवर आम्ही थोडे पैसे वाचवले त्यांनी त्या हंगामाचा नफा खाल्ला. तेव्हापासून आम्ही प्रत्येक पद्धत वेगवेगळ्या कापडावर करून पाहिली आणि वेळ, खर्च व तोटा यांची वही ठेवली. त्या वहीतील सार पुढे देत आहोत.

थर सरकतात कशामुळे?

पद्धत निवडण्यापूर्वी थर का सरकतात हे समजून घेतले पाहिजे. शिलाई मशीनचे दाते खालच्या कापडाला धरून मागे ओढतात. वरचा बूट वरच्या कापडावर दाबून बसलेला असतो, त्यामुळे वरचे कापड मागे राहते. एका टीपेत हा फरक अगदी थोडा असतो, पण नव्वद इंच लांबीच्या टीपेत तो वाढत जातो आणि शेवटी कापडाला चुणी पडते. ही चुणी बहुधा अस्तराला पडते, म्हणजे शिवताना जी बाजू आपल्याला दिसत नाही त्या बाजूला. वॉकिंग फूट नावाचा बूट वरचे कापडही सोबत पुढे नेतो, म्हणून त्याने बराच फायदा होतो. परंतु नीट टाचणीची जागा तो घेऊ शकत नाही.

दुसरे कारण अंथरण्यात असते. अस्तर जमिनीवर उलटे अंथरून कडा चिकटपट्टीने जमिनीला चिकटवाव्यात. सुरकुती राहता कामा नये, पण कापड ढोलासारखे ताणूही नये. ताणून टाचलेले अस्तर पट्टी काढताच आखडते आणि रजईच्या पाठीवर चुण्या उठतात. अनेक कारागीर याचा दोष मशीनला देतात, वास्तविक चूक आधीच झालेली असते. पद्धत कोणतीही असो, टाचणी मधून सुरू करून कडांकडे न्यावी. कडेकडून मध्ये आल्यास सर्व झोळ मध्यभागी जमतो आणि तो काढता येत नाही.

सुईदोरा : जुना, सावकाश, भरवशाचा

लांब सुई घेऊन दीड ते दोन इंचांचा टाका घालत जावे. आडव्या-उभ्या ओळींमध्ये सहा इंचांपेक्षा जास्त अंतर नको. भर निसटती असेल तर चार इंच ठेवावे. ६० बाय ९० इंचांच्या रजईला सहा इंचांवर उभ्या ११ आणि आडव्या १६ ओळी येतात. दोरा जवळजवळ ५० मीटर लागतो. टोके आणि वाया जाणारा भाग धरला तर ६० मीटर धरावा. सुती दोरा सर्वांत स्वस्त वस्तू आहे, म्हणजे येथे खर्च सामानाचा नसून वेळेचा आहे. आमच्या वहीप्रमाणे एका हाताला टाचणे आणि नंतर दोरा काढणे मिळून दोन तास लागतात.

दोऱ्याच्या बाबतीत दोन गोष्टी सांभाळाव्यात. दोरा पांढरा किंवा फिकट असावा. लाल किंवा काळा दोरा नजरेला सोपा जातो, परंतु कच्च्या रंगाचा निघाल्यास ओलाव्याने कापडावर रेघ उमटते. शेवटी गाठ मारू नये, चार बोटे शेपूट सोडावी, म्हणजे ओढताच दोरा सुटून येतो.

या पद्धतीचा सर्वांत मोठा गुण असा की टाचलेली रजई महिनाभर घडी घालून ठेवली तरी बिघडत नाही. आमच्या पट्ट्यात हा गुण फार मोलाचा आहे. कापड उल्हासनगरात घेतले जाते, टाचणी अंबरनाथ किंवा बदलापूरच्या घरी होते आणि शिलाईसाठी गठ्ठा रिक्षाने किंवा लोकलने पुन्हा उल्हासनगरला येतो. गर्दीत दबलेला, खांद्यावरून वाहिलेला गठ्ठा उघडला तरी दोऱ्याने टाचलेले थर जागच्या जागी असतात.

सेफ्टीपिन : वेग आहे, शिस्त हवी

पिनेचा हिशेब सोपा आहे. तळहात कापडावर कोठेही ठेवला तर त्याखाली एक तरी पिन यावी, म्हणजे साधारण चार इंचांवर एक. ६० बाय ९० इंचांच्या रजईला सव्वातीनशे ते साडेतीनशे पिना लागतात. टाचणे आणि काढणे मिळून एक तास पुरतो. क्विल्टिंगसाठी पोटाला वाकवलेल्या पिना मिळतात, त्या तिन्ही थरांतून सहज वर येतात आणि अस्तर उचलले जात नाही.

पिना निकेलचा मुलामा असलेल्या किंवा गंज न धरणाऱ्या घ्याव्यात. घेतल्यावर दोन-चार पिना ओल्या फडक्यात गुंडाळून रात्रभर ठेवाव्यात, सकाळी फडके पाहावे. ही परीक्षा आम्ही पूर्वी केली असती तर २५ रजया वाचल्या असत्या. पावसाळ्यात पिन लावलेली रजई दोन दिवसांपेक्षा जास्त ठेवू नये.

पिना मोजून द्याव्यात आणि मोजून घ्याव्यात. निर्यातीच्या कपड्यांच्या कारखान्यांत मोडलेल्या सुईचा प्रत्येक तुकडा मिळेपर्यंत काम पुढे जात नाही, त्याची नोंदवही असते. लहान मुलांची दुपटी आणि रजया करणाऱ्यांनी ही शिस्त घरातही ठेवलीच पाहिजे. पन्नास-पन्नास पिनांच्या डब्या केल्या तर मोजणी चुटकीसरशी होते.

चिकटवणे : फवारा, खळ आणि गोंद

कापड चिकटवण्याचा तात्पुरता फवारा डब्यात मिळतो. वीस मिनिटांत पूर्ण रजई तयार होते आणि पहिल्या धुण्यात चिकटपणा निघून जातो. पातळ, सलग सुती भरेवर तो उत्तम धरतो. मोकळ्या पिंजलेल्या कापसावर त्याचा उपयोग नाही, कारण वरचा पापुद्रा चिकटतो आणि आतला कापूस सुटाच राहतो. फुगीर रेक्रॉनवरही पकड कमी मिळते. माल घडी घालून दूर न्यायचा असेल तर थर सुटू लागतात, म्हणून फवारलेली रजई त्याच जागी, शक्यतो त्याच दिवशी शिवावी.

या फवाऱ्यातील वायू बहुधा ज्वालाग्राही असतो. उल्हासनगरच्या गल्ल्यांत एका खोलीत इस्त्री, मशीन आणि कोपऱ्यात चहाचा स्टोव्ह असतो, तेथे हा डबा उघडू नये. खिडक्या-दारे उघडी ठेवावीत, विडी-सिगारेट आणि विस्तव दूर ठेवावा, लहान मुलांना बाहेर पाठवावे. ज्याच्याकडे हवेशीर जागा नाही त्याने हा मोह सोडावा.

मैद्याची किंवा साबुदाण्याची खळ स्वस्त पडते. पण खळीवर झुरळे आणि उंदीर येतात, पावसाळ्यात बुरशी चढते. बाइंडिंगवाले किडीसाठी खळीत मोरचूद घालतात. ते विषारी आहे, अंथरूण-पांघरुणात त्याला मुळीच थारा देऊ नये. खळ लावलेला माल शिवल्यावर लगेच धुऊन वाळवणार असाल तरच खळ वापरावी. लाकूडकामाचा पांढरा गोंद वापरू नये. तो वाळून कडक होतो आणि धुण्यात निघत नाही, सुईलाही त्रास देतो.

कॉलरला फ्युजिंग लावणाऱ्या कारागिरांना इस्त्रीने चिकटणारी भर माहीत असते. उशीचे अभ्रे, टेबलावरचे तुकडे, लहान पिशव्या यांना ती चांगली. मोठ्या रजईला तिचा खर्च झेपत नाही आणि पांघरूण ताठ होते.

टॅग गन

आमच्या भागात कपड्यांना किमतीचे लेबल अडकवण्याची टॅग गन जवळजवळ प्रत्येक दुकानात आहे. तिने तिन्ही थर झपाट्याने टाचता येतात. जाड डेनिमवर, जेथे पिन वाकते आणि बोट दुखते, तेथे ती फार उपयोगी पडते. बारीक सुईची गन घ्यावी, नाहीतर घट्ट विणीच्या कापडावर भोक राहते. दुसरा दोष गंभीर आहे. टॅग कापताना प्लास्टिकचा तुकडा आत राहून जातो आणि अंगाला टोचतो. म्हणून खुर्चीच्या गाद्या, सतरंजीवजा चिंधी-रजई यांना गन चालेल. बाळाच्या पांघरुणाला नाही.

टाचणीच नको असेल तर

आपल्याकडच्या कित्येक बायका गोधडी, म्हणजेच वाकळ, शिवताना जुन्या लुगड्यांचे थर जमिनीवर अंथरतात, कडांवर वजन ठेवतात, चार मोठे टाके टाकतात आणि सरळ बारीक धावदोरा घालत जातात. थर जुन्या सुती कापडाचे असल्यामुळे ते एकमेकांना धरतात आणि घसरत नाहीत. सिंधमधील रल्लीही अशीच, सरळ समांतर ओळींच्या धावदोऱ्याने शिवलेली असते. कल्याणच्या लष्करी छावणीत फाळणीनंतर आलेल्या निर्वासितांची जी वसाहत झाली, तिला ८ ऑगस्ट १९४९ रोजी उल्हासनगर हे नाव मिळाले. त्या शहरातील सिंधी गिऱ्हाइकाला रल्ली म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही.

उत्तर कन्नड जिल्ह्यातील हल्याळ, यल्लापूर भागातील सिद्दी भगिनींची कवंदी याहून वेगळी आहे. सिद्दींमध्ये मुस्लिम कुटुंबेही आहेत. त्या खाली जुनी साडी अंथरतात, कडेपासून सुरुवात करतात आणि ठिगळ ठेवत, शिवत, गोल फिरत मध्यापर्यंत येतात. ठिगळ जोडणे आणि थर शिवणे एकाच टाक्यात होते, वेगळी टाचणी करावीच लागत नाही. ज्यांच्याकडे चिंधी भरपूर आहे आणि मशीन नाही, त्यांनी ही रीत अवश्य पाहावी.

दुसऱ्या टोकाला मल्टीनीडल क्विल्टिंग मशीन आहे. त्यात तिन्ही थर रोलवरून ताणून येतात आणि अनेक सुया एकदम टीप घालतात, म्हणून कच्चा टाका लागत नाही. एकाच नमुन्याच्या शेकड्यांनी रजया हव्या असतील तर हाताने टाचून त्या मशीनशी भावात स्पर्धा करू नये. ते काम जॉबवर्कने करून घ्यावे आणि आपला हात जेथे उठून दिसतो ते काम स्वतःकडे ठेवावे.

मग निवड कशी करावी?

आम्ही स्वतःला चार प्रश्न विचारतो.

१) भर कोणती? मोकळा पिंजलेला कापूस असेल तर सुईदोराच, तोही चार इंचांवर. सलग सुती भर असेल तर तिन्ही मार्ग मोकळे. रेक्रॉन असेल तर दाट पिना किंवा दोरा.

२) टाचल्यावर शिलाई किती दिवसांनी? त्याच दिवशी असेल तर फवारा किंवा पिना. दोन दिवसांत असेल तर चांगल्या पिना. त्यापुढे सुईदोरा.

३) टाचणारा आणि शिवणारा एकाच छताखाली आहेत का? माल गावातून गावात फिरणार असेल तर सुईदोरा.

४) पांघरणार कोण? बाळ असेल तर गन नाही, न धुतलेला गोंद नाही आणि पिना मोजल्याशिवाय माल बाहेर नाही.

हाताने शिवायच्या रजईलाही दोराच बरा, कारण शिवताना हातातील दोरा पिनांना सारखा अडकतो. मशीनवर मात्र पिना सोयीच्या, बुटाजवळ येताच काढता येतात. दोऱ्यावर टीप पडली तर तो उपसताना वेळ जातो, म्हणून पक्की टीप कोठे येणार हे आधी खडूने आखावे आणि कच्चा टाका त्या रेषा सोडून घालावा.

हिशेब वेगळा ठेवा

आता पैशाचे बोलू. समजा, मजुरी तासाला ६० रुपये धरली. दोऱ्याने टाचणी १२० रुपये, पिनांनी ६० रुपये. २५ रजयांच्या लॉटमागे फरक १५०० रुपये. पिना एकदा घेतल्या की वर्षानुवर्षे चालतात. परंतु टाचणारा व शिवणारा वेगवेगळे असतील तर पिनांचे किमान दोन संच, म्हणजे ७०० पिना लागतील, नाहीतर एकाचे काम होईपर्यंत दुसरा हात बांधून बसेल. फवाऱ्याचा हिशेब करताना डब्याची किंमत आणि त्या डब्यात खरोखर किती रजया झाल्या, याचा भागाकार करावा. डब्यावरील दाव्यावर विसंबू नये, पहिला डबा स्वतः मोजून पाहावा.

या हिशेबात आम्हाला एक गोष्ट खटकली आणि ती सांगितल्यावाचून राहवत नाही. बहुतेक ठिकाणी घरी काम करणाऱ्या भगिनींना ‘एका रजईमागे शिलाई’ असा एकच दर मिळतो. टाचणीचा वेगळा पैसा नाही. ज्या कामाला दर नाही ते काम घाईने होते. चार इंचांऐवजी दहा इंचांवर टाका पडतो, भर सरकते आणि दोन धुण्यांत रजईत कापसाचे गोळे होतात. मग व्यापारी म्हणतो कारागीर बेइमान, कारागीर म्हणतो व्यापारी कंजूष. आमच्या मते टाचणीचा दर वेगळा लिहावा, ओळींतील अंतर आधी ठरवावे आणि शिलाईपूर्वी टाचलेला माल एकदा पाहून घ्यावा. व्यापाऱ्याला यासाठी रजईमागे थोडे जास्त मोजावे लागतील. परत आलेल्या एका लॉटचा भुर्दंड त्याहून कितीतरी मोठा असतो, हे आम्ही भोगून सांगत आहोत.

टाचणी रजईत शेवटी दिसत नाही, म्हणून तिथे कसर करणे सर्वांत सोपे असते. मालाचा दोष आत लपवून विकू नये, ही शिकवण आपल्याला नवीन नाही. नव्या हंगामासाठी कापड आणण्यापूर्वी आपण वापरतो त्या पद्धतीची एकच रजई करावी, ती तीन वेळा धुवावी, वाळवावी आणि उलटून तिची पाठ पाहावी. पाठ सपाट असेल तर पद्धत योग्य. चुणी किंवा गोळा दिसला तर मोठी ऑर्डर घेण्यापूर्वी टाका बदलावा.